माळवदाच्या खोलीतला प्रोजेक्टर लॅपटॉपवरून चालू-बंद करायचाय, सिरियल केबलला तो उत्तरच देईना गेलाय

माळवद | २६ मे, रात्री १०.१२

मंडळी, मदत पाहिजे.

आमचं अंबाजोगाईकडचं जुनं घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. वरच्या मोठ्या खोलीत सिनेमा बघायची सोय केली आहे. लातूरला एक शिकवणी वर्ग बंद झाला, त्यांचा एप्सनचा प्रोजेक्टर नऊ हजारांत मिळाला. तुळईला टांगलाय. खाली-वर होणारा मोटारीचा पडदाही जुनाच घेतला.

अडचण रिमोटची. आई दुपारी मालिका बघायला वर जाते. रिमोटचं बटण दाबते, लगेच उजेड पडत नाही म्हणून पुन्हा दाबते, मग तिसऱ्यांदा दाबते. प्रोजेक्टर चालू होतोय की बंद होतोय, ते त्याला कळत नाही आणि आम्हालाही. मला एकच बटण पाहिजे. दाबलं की पडदा खाली यावा, प्रोजेक्टर लागावा. पुन्हा दाबलं की नीट थंड होऊन बंद व्हावा.

प्रोजेक्टरच्या मागे नऊ पिनांचं आरएस २३२ चं, म्हणजे सिरियल केबलचं पोर्ट आहे. मॅन्युअलमध्ये लिहिलंय वेग ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. कमांड साधी आहे, पीडब्ल्यूआर, मग एक जागा, मग ऑन. (टाइप करताना अर्थात इंग्रजी कॅपिटलमध्ये.) देवळीत जुना लॅपटॉप ठेवलाय, त्याला यूएसबी ते सिरियलची वायर लावली. तिथून प्रोजेक्टरपर्यंत १२ मीटर कॅट ६ केबल टाकून दोन्ही टोकांना नऊ पिनांचे कनेक्टर मीच डाखले. पुट्टीमधून (सिरियलवर कमांड टाइप करायचा प्रोग्राम) कमांड पाठवली तर काहीच होत नाही. एररसुद्धा येत नाही. भिंतीशी बोलल्यासारखं वाटायलंय.

वायफायचं सुचवू नका. भिंती पांढऱ्या मातीच्या, तीन फुटी आहेत. खालच्या राउटरचा वर पत्ताच नसतो.

---

हुरडापार्टी | २६ मे, रात्री १०.२०

उठून बटण दाबायचं दादा. व्यायाम होतो.

---

माळवद | २६ मे, रात्री १०.२३

तुळई साडेअकरा फुटांवर आहे. तुम्ही या, तुम्हाला खांद्यावर घेतो.

---

वाळूजकर | २६ मे, रात्री ११.०५

हा धागा माझ्यासाठीच काढल्यासारखा वाटला. वाळूजच्या एमआयडीसीत सीएनसी (कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या) मशीनच्या मेन्टेनन्सला बावीस वर्षं झाली. जुन्या मशीनला प्रोग्राम आजही ह्याच पोर्टमधून जातो. तिथं पंचवीस पिनांचा कनेक्टर असतो, एवढाच फरक. त्यामुळे सांगतो, कमांड वगैरे सगळं नंतर. सिरियलची शंभरातली नव्वद दुखणी वायरीत असतात.

पहिली परीक्षा. केबल काढा. यूएसबीच्या वायरीच्या टोकाला पिन २ आणि पिन ३ एकमेकींना टेकवा, कागदाची पिन चालते. पुट्टीत काहीही टाइप करा. टाइप केलेलं अक्षर पडद्यावर दिसलं तर लॅपटॉप, ड्रायव्हर, वायर सगळं ठीक. पिन काढली की अक्षर दिसायचं बंद झालं पाहिजे.

दुसरी परीक्षा मीटरची. डीसी २० व्होल्टवर ठेवा. मीटरची काळी वायर पिन ५ वर, लाल आधी २ वर, मग ३ वर. जी पिन पाठवते तिच्यावर गप्प बसलेलं असतानाही उणे पाच ते उणे बारापर्यंत काहीतरी दिसतं. जी ऐकते तिच्यावर शून्याच्या आसपास. लॅपटॉपच्या बाजूला मोजा, प्रोजेक्टरच्या पोर्टवर मोजा. दोन्हीकडे ३ वरच उणे आलं तर दोघंही एकाच वायरीवर बोलायलेत आणि ऐकायला कुणीच नाही. मग २ आणि ३ ची अदलाबदल करायची, ५ ला ५.

---

काटेवाला | २७ मे, सकाळी ७.३१

वाळूजकरांशी सहमत. लातूरला आडतीच्या भागात माझे वजनकाटे आहेत. काट्याच्या इंडिकेटरमधून कॉम्प्युटरला वजन ह्याच वायरीनं जातं. सोयाबीनच्या हंगामात गाड्यांची रांग लागलेली आणि पडद्यावर वजनाच्या जागी चौकोन आणि उलटे प्रश्नचिन्ह. शेतकरी म्हणतो मालक, माझ्या मालाला चौकोनाचा भाव द्या.

चौकोन आले तर बॉड रेट चुकलेला, हे लक्षात ठेवा. काहीच आलं नाही तर वायर. ही खूण मला एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं दिली, आजवर खोटी ठरली नाही.

---

शून्यप्रहर | २७ मे, सकाळी ९.१५

एवढा आटापिटा कशासाठी कळत नाही. बाजारात मोबाइलवरून चालणारा प्लग मिळतो. प्रोजेक्टर त्यात लावा, डायरेक्ट पॉवर ऑन (वीज आली की आपोआप लागायची सोय) सुरू करा. प्लग चालू तर प्रोजेक्टर चालू, प्लग बंद तर बंद. १९६० सालचं तंत्र २ पैशांच्या कामाला उकरून काढायलेत लोक.

---

मोंढानाका | २७ मे, सकाळी ९.२२

१९६० चं म्हणून नाव ठेवू नका, महाराष्ट्रही त्याच साली झालाय. दोन्ही अजून चालू आहेत. कसे, ते विचारू नका.

---

वाळूजकर | २७ मे, सकाळी ९.५०

@शून्यप्रहर, थेट वीज तोडली की पंखा जागीच थांबतो आणि दिव्याची उष्णता आतच कोंडते. ह्या प्रोजेक्टरचा दिवा दाबाखालच्या पाऱ्याच्या वाफेचा असतो. नीट बंद केला तर पंखा थोडा वेळ चालतो, मग झोपतो. दिवा तापलेला असताना लगेच पुन्हा पेटतही नाही. शिवाय तुम्ही म्हणता तसा प्लग वायफायवर चालतो, आणि धाग्याच्या पहिल्याच पोस्टमध्ये वायफाय नाही म्हणून लिहिलंय.

---

शून्यप्रहर | २७ मे, सकाळी १०.०४

वायफायचं वाचायचं राहिलं. पण डायरेक्ट पॉवर ऑन वाईट नाही, एवढं म्हणतो.

---

निजामबाग | २७ मे, सकाळी ११.४०

डायरेक्ट पॉवर ऑनचा माझा अनुभव लिहितो, मग ठरवा.

परभणीत घरी वरच्या खोलीत प्रोजेक्टर, आणि ही सोय मी हौसेनं सुरू केलेली. एप्रिलमधली रात्र. लाईट साडेअकराला गेली. सगळे गच्चीवर झोपलो. पहाटे तीनला लाईट आली. प्रोजेक्टरला वाटलं, मालकानं बोलावलं. बंद खोलीच्या खिडकीतून निळा उजेड, आत पंख्याचा घुंऽऽ आवाज. आमचे काका उठून बसले आणि त्यांनी जे स्तोत्र सुरू केलं ते सूर्योदयापर्यंत थांबवलं नाही. शेजारच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी वहिनीला विचारलं, तुमच्याकडं रात्री काही दिसलं का.

ती सोय त्याच दिवशी बंद केली. काका अजून त्या खोलीत एकटे जात नाहीत.

---

हुरडापार्टी | २७ मे, सकाळी ११.४४

काकांना सांगा, निळा उजेड म्हणजे सिग्नल नाही.

---

गोदाकाठची | २७ मे, दुपारी १.१०

धागा वाचून मजा येऊलालीय. आमच्या नांदेडला विचारलं असतं, तर उत्तर आलं असतं "कशाला करूलालास हे सगळं, पोराला वर पाठव की". आमच्याकडे रिमोट म्हणजे घरातला सगळ्यात लहान पोरगा.

माळवद शब्द बऱ्याच दिवसांनी वाचला. आजोळी होतं. दर रोहिणीच्या आधी वर पांढरी माती टाकून चोपायची, तरी पहिल्या पावसात पातेली मांडावी लागायचीच. तुमच्या खोलीत प्रोजेक्टरच्या बरोबर वर गळती नाही ना, ते आधी बघा. कमांडपेक्षा ते महत्त्वाचं.

---

माळवद | २७ मे, रात्री ९.३५

ताई, गळती आहे, पण पडद्याच्या बाजूला. प्रोजेक्टरवर पत्र्याचा तुकडा ठोकलाय. हसू नका.

वाळूजकर, पहिली परीक्षा पास. कागदाची पिन सापडेना, आईचा केसांचा आकडा लावला. अक्षरं दिसली. दुसरी परीक्षा: लॅपटॉपकडं पिन ३ वर उणे ५.८, पिन २ वर जवळजवळ शून्य. प्रोजेक्टरच्या पोर्टवरही पिन ३ लाच उणे. म्हणजे तुम्ही म्हणालात तेच. मी सरळच्या सरळ जोडली होती, २ ला २, ३ ला ३. मला वाटलेलं वायर म्हणजे वायर.

आता एका टोकाला २ आणि ३ ची अदलाबदल केली. डाख दोनदा तपासला. तरीही नन्नाचा पाढा. कनेक्टरचा फोटो टाकतो.

---

वाळूजकर | २७ मे, रात्री १०.००

केबल लॅपटॉपला लावा आणि प्रोजेक्टरकडच्या मोकळ्या टोकाला मीटर लावा. लॅपटॉपचं उणे ५.८ तिथपर्यंत पोचलं पाहिजे. १२ मीटरला ९६०० वर काही होत नाही, अंतराचा दोष नाही हा.

---

माळवद | २७ मे, रात्री १०.२६

पाच आणि दोनमध्ये शून्य. पाच आणि तीनमध्ये शून्य. वायर तुटलेली नाही, दोन्ही टोकांना मीटर लावून जोडणीचा बीप घेतला.

---

आयटीआयवाली | २८ मे, सकाळी ६.५०

फोटो मोठा करून पाहिला. दादा, डाखायच्या बाजूनं पिनांचे आकडे उलटे दिसतात! समोरून बघितलं की डावीकडून १, २, ३, ४, ५, तर मागून ते ५, ४, ३, २, १ असतात. एका कनेक्टरला तुम्ही समोरचं चित्र बघून मागून डाखलंय. त्यामुळं तुमची ५ नंबरची वायर १ वर आहे, २ ची ४ वर आहे. ३ मधली असल्यामुळं ती तेवढी जागेवर. म्हणजे त्या बाजूला ग्राउंडच (५ नंबरची समाईक वायर) नाही. बीप येणारच, कारण तुम्हीही मीटर मागूनच मोजून लावला असणार.

माझ्या बॅचला दरवर्षी निम्मी पोरं हेच करतात. कनेक्टरच्या प्लॅस्टिकमध्ये प्रत्येक पिनेशेजारी बारीक आकडा कोरलेला असतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोठा करून बघा, आकडा वाचूनच डाख लावा. बाजू मोजत बसू नका.

---

काटेवाला | २८ मे, सकाळी ७.१२

ताई, माझा नमस्कार स्वीकारा. मागच्या वर्षी मी ह्याच कारणानं एक नवा इंडिकेटर परत पाठवला होता. त्यांनी तपासून "दोष आढळला नाही" असं लिहून पाठवलं. का, ते आज कळलं.

---

मोंढानाका | २८ मे, सकाळी ८.३०

ह्या धाग्यानं लोक कबुलीजबाब द्यायला लागलेत.

---

शून्यप्रहर | २८ मे, सकाळी १०.१८

बरं, प्लगचं सोडा. इन्फ्रारेडचा ब्लास्टर तरी लावा की. प्रोजेक्टरच्या डोळ्यासमोर चिकटवायचा, रिमोटचं बटण तोच दाबतो. माझ्याकडं जालन्याला चार वर्षं चालू आहे. ना डाख, ना मीटर.

---

आयटीआयवाली | २८ मे, सकाळी ११.०५

चालतो, नाही म्हणत नाही. पण माळवददादांचं दुखणं वेगळं आहे. त्यांच्या आईनं तीनदा बटण दाबलं, आणि प्रोजेक्टर कुठल्या अवस्थेत आहे हे कुणालाच कळेना. ब्लास्टर तेच बटण दाबणार, आंधळेपणानं. सिरियलमध्ये विचारता येतं. पीडब्ल्यूआरपुढं प्रश्नचिन्ह लावून पाठवलं की एप्सन उत्तर देतो: ०१ म्हणजे दिवा चालू, ०२ म्हणजे तापतोय, ०३ म्हणजे थंड होतोय, ०० किंवा ०४ म्हणजे झोपलाय. दिव्याचे तासही विचारता येतात. मग बटण शंभर वेळा दाबा, प्रोग्राम आधी विचारेल आणि मगच काय ते करेल. तापत असताना प्रोजेक्टर इतर कमांडींकडं बघत नाही, तेव्हा तेवढं थांबायचं.

ज्यांचा प्रोजेक्टर लॅनला (नेटवर्कच्या वायरीला) जोडता येतो त्यांनी पीजेलिंक बघावं, पोर्ट ४३५२. वेगवेगळ्या कंपन्यांना एकच भाषा चालते. सिरियलमध्ये मात्र प्रत्येकाची बोली निराळी. एलजीच्या टीव्हीला के ए, जागा, ०१, जागा, ०१. बेनक्यूला आधी एंटर, मग स्टार, पीओडब्ल्यू, बरोबरचं चिन्ह, ऑन, हॅश, मग पुन्हा एंटर.

---

गोदाकाठची | २८ मे, दुपारी १२.४०

बारा कोसांवर बोली बदलते ते इथंही खरंच की.

---

निजामबाग | २८ मे, दुपारी २.१५

एक धोका सांगून ठेवतो. पाऊस जवळ आलाय. मागच्या वळवात माझ्या गच्चीवरून गेलेल्या लांब तारेनं शेजारी पडलेल्या विजेचा झटका आत आणला. प्रोजेक्टर वाचला, त्याचं सिरियल पोर्ट कायमचं गेलं. रिमोटनं चालतो, वायरीनं नाही. तुमची केबल घराबाहेरून किंवा माळवदावरून जात असेल तर मध्ये ऑप्टो-आयसोलेटर (सिग्नल उजेडातून नेणारा, दोन्ही बाजूंची वीज वेगळी ठेवणारा) टाका. ढग गडगडला की मी आता सरळ कनेक्टर उपटतो.

---

माळवद | २८ मे, दुपारी २.३०

आतूनच आहे, तुळईच्या कडेनं. पण उपटायची सवय लावतो.

---

इलेक्ट्रॉनिकभाऊ | २८ मे, दुपारी ४.०५

लॅपटॉप कशाला अडकवून ठेवता? ईएसपी ३२ चा छोटा वायफायवाला बोर्ड घ्या, ईएसपीहोममध्ये (त्या बोर्डाचं सॉफ्टवेअर) यूएआरटीचा, म्हणजे सिरियलचा स्विच लिहा. फक्त बोर्डाची पिन ३.३ व्होल्टची असते आणि तुमच्या पोर्टवर उणे-अधिक बारापर्यंत जाऊ शकतं. थेट जोडलं तर बोर्ड गेलाच समजा. मध्ये व्होल्टेज जुळवणारी मॅक्स ३२३२ ची चिप हवी. तयार छोटे बोर्ड मिळतात, नऊ पिनांच्या कनेक्टरसकट.

---

वाळूजकर | २८ मे, दुपारी ४.४०

त्याला वायफाय लागेल ना भाऊ. तीन फुटी भिंत विसरलात. आत्ता लॅपटॉप आहे तो चालू द्या. एक गोष्ट चालली की मग दुसरी काढायची.

---

माळवद | २९ मे, रात्री ११.५२

मंडळी, झालं!!!

आयटीआयवाली ताईंच्या म्हणण्याप्रमाणे मोबाइलच्या कॅमेऱ्यानं पिनेशेजारचा आकडा वाचला. तांदळाच्या दाण्याहून बारीक. दोन्ही कनेक्टर उलटवले. एक तर उलटा होताच, दुसरा अर्धा उलटा होता. सगळं सोडवून पुन्हा डाखलं. आधी मीटर लावला: लांबच्या टोकाला उणे ५.७. मग प्रोजेक्टरला लावून पुट्टीत नुसतं एंटर मारलं.

आणि पडद्यावर एक कोलन आला. दोन टिंबं. खोलीत एकटाच होतो, तरी ओरडलो. खालून आईचा आवाज, "पडलास काय रे?"

पीडब्ल्यूआर प्रश्नचिन्ह टाइप केलं. आलं, पीडब्ल्यूआर बरोबर ००. मग ऑन. टक् आवाज, पंखा, आणि तुळईवरून हळूहळू उजेड.

पुढची गंमत अशी की पुट्टीतून चालतंय, पण मी पायथनमध्ये लिहिलेल्या प्रोग्राममधून पाठवलेली तीच कमांड गायब. तास गेला. शेवटी सापडलं: कमांडच्या शेवटी मी बॅकस्लॅश एन लिहिलं होतं, त्याला बॅकस्लॅश आर पाहिजे. पुट्टीत एंटर मारलं की आपोआप आर जातं म्हणून तिथं चाललं. ज्याला कुणाला "पुट्टीत चालतं, प्रोग्राममध्ये नाही" अशी अडचण येईल त्यानं आधी हे बघावं. लिनक्सवर असाल तर तुमचं नाव डायलआउट ग्रुपमध्ये (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेला गट) घाला, नाहीतर पोर्टच उघडत नाही. ते मला परवाच भोगून झालं होतं.

आता राहिला पडदा. त्याला सिरियल नाही, नुसत्या तीन वायरी आहेत, एक वर, एक खाली, एक न्यूट्रल. काय करू?

---

वाळूजकर | ३० मे, सकाळी ७.०५

अभिनंदन! उलटा आणि अर्धा उलटा, हे मी आमच्या शॉपफ्लोअरवर सांगणार आहे, नाव न घेता.

पडद्याला दोन रिले (प्रोग्रामनं चालू-बंद होणारे स्विच). पण वर आणि खाली दोन्ही एकदम चालू झाले तर मोटार जळेल. हे प्रोग्रामवर सोपवू नका, वायरिंगमध्येच असं करा की एक रिले ओढला की दुसऱ्याची वाट तुटते. आम्ही ह्याला इंटरलॉक म्हणतो. काम मेन लाइनचं आहे, वायरमनला बोलवा. आणि वर जाऊन खाली यायच्या मध्ये दोन सेकंद थांबा.

---

निजामबाग | ३० मे, सकाळी ८.२०

लाईट गेल्यावर काय, ते ठरवलंत का? मी छोटा यूपीएस ठेवलाय. सिनेमा बघायला नाही, फक्त थंड व्हायला. लाईट गेली की प्रोग्राम ऑफ पाठवतो आणि ०३ चा ०० किंवा ०४ होईपर्यंत विचारत राहतो.

---

माळवद | ३० मे, रात्री ९.१०

उद्या यूपीएस आणतो. वायरमन सोमवारी येणार आहे, रिले तोच बसवेल.

आईनं आज दुपारी एकच बटण दाबलं. मग सवयीनं तो तापत असतानाच पुन्हा दाबलं, तिसऱ्यांदाही दाबलं. प्रोजेक्टर चालूच राहिला. ती म्हणाली, "ह्याला आता अक्कल आली."

---

गोदाकाठची | ३० मे, रात्री ९.१८

माउलींना नमस्कार सांगा. गळतीचं काय झालं?

---

माळवद | ३० मे, रात्री ९.२५

माती आणायला उद्या माणूस सांगितलाय.

---

काटेवाला | ३० मे, रात्री ९.४०

दादा, कॅट ६ चा उरलेला तुकडा पाच-सहा मीटर असला तर टाकू नका. शनिवारी अंबाजोगाईला येतोय, काट्याला पाहिजे.